पळण मोडणारी बाई

गावात शिरले तेव्हा सगळ्यात आधी खटकलं ते हे, की कुठं कोंबडंसुद्धा ओरडत नव्हतं.

ऊन चांगलं वर आलं होतं. दोन्ही अंगांना जांभ्या दगडाचे गडगे, त्यांच्या आत सारवलेली अंगणं, माड, पोफळी आणि प्रत्येक दाराला कुलूप. दोरीवर एक कपडा नाही. गोठे मोकळे. माझ्या अंगावर एक कुत्रंही धावून आलं नाही, हे तर फारच झालं. मोटारसायकलवरून एकटी बाई चाललीय म्हटल्यावर माणसं एक वेळ गप्प बसतील, कुत्री बसत नाहीत.

मी तेव्हा गडहिंग्लजच्या शाळेत खेळाची बाई होते. मुलं मला घाटगे बाई म्हणायची, आणि पाठीमागं काय म्हणायची ते मला ठाऊक होतं. वडिलांनी डेअरीला दूध घालायचं सोडल्यावर त्यांची राजदूत माझ्याकडं आली होती. दर नाताळच्या सुट्टीत ती घेऊन मी घाट उतरायचे, एकटीच. 'हिला नवरा नको, पेट्रोल पाहिजे,' असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. त्या वर्षी मी ठरवलं होतं की हमरस्त्याला चाक लावायचं नाही. आंबोलीवरून उतरले आणि जी वाट चांगली दिसेल ती धरत गेले. सड्यावरची, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावरची वाट तर अशी, की दर फर्लांगाला थांबावंसं वाटावं. काळा कातळ, त्यावर वाळून सोनेरी झालेलं गवत, आणि खाली दूर खाडीचं पाणी. सडा संपून रस्ता पेंडवळे गावाकडं उतरतो तिथं आंब्याचा एक टहाळा आडवा टाकलेला होता, त्याला तांबडी चिंधी बांधलेली. रस्त्याचं काम चालू असेल असं समजून मी त्याला वळसा घालून खाली आले होते.

तर अशी मी त्या मुक्या गावातून चालले होते, आणि एका वळणावर गडग्याला टेकून बसलेला म्हातारा दिसला. तो दोन्ही हात जोरजोरात हलवत होता. मदतीला बोलावतोय असं वाटलं. जवळ गेले तर म्हणाला, "बंद कर ती. आदी बंद कर. गाव आयकतला."

"कुठला गाव? इथं चिटपाखरू नाही."

"म्हणानच."

मी गाडी बंद केली. मग त्यानं तुटक तुटक सांगितलं ते असं. दर तीन वर्षांनी पौषात देव गाव मोकळा करून मागतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी वेशीबाहेर जायची, झावळ्यांच्या खोपी बांधून तीन दिवस तिथं राहायचं. गावात चूल पेटायची नाही, माणसाचा आवाज व्हायचा नाही. ही गावपळण. तिसऱ्या दिवशी दोघं मानकरी देवळात जाऊन कौल लावतात. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पाकळी पडली की ढोल वाजतो आणि गाव परत येतो. डावी पडली तर आणखी एक रात्र बाहेर. थोरला मानकरी म्हणजे हा स्वतः, लवू गावकर. आज दुसरा दिवस होता.

"मग तुम्ही आत काय करताय?"

त्यानं पायाकडं बोट केलं. उजव्या पायाला धोतराची चिंधी करकचून बांधली होती, आणि चिंधीच्या वर-खाली पाय फुगून चकाकत होता. गडग्याच्या खिंडीतून उतरताना फुरसं चावलं होतं. फुरसं वीतभर असतं, पण त्याच्या विषानं माणसाचं रक्त गोठायचं थांबतं, एवढं मला स्काउटच्या शिबिरात शिकवलेलं होतं. त्यानं बाजूला थुंकी टाकली. ती लाल होती.

"पान खाल्लंत?"

"नाय."

मी चिंधी सोडली, माझ्या गळ्यातला रुमाल आणि दोन काठ्या लावून पाय ताठ बांधला. तो कण्हला नाही. त्याचं सगळं लक्ष शेजारच्या ॲल्युमिनियमच्या डब्यावर होतं. चार गडग्यांपलीकडच्या एका कौलारू घराकडं बोट करून म्हणाला, "ता माझा घर. माका दारापर्यंत पोचय आणि तू जा. बाकीचा माझा मी बघतंय."

"घरी जाऊन मरायचंय का? दवाखाना कुठं आहे?"

सरकारी दवाखाना दोन वाटांनी गाठता येत होता. जवळची वाट वेशीवरच्या पिंपळाखालून, म्हणजे अख्ख्या गावासमोरून. दुसरी मी आले ती, सड्यावरून. पिंपळाचं नाव काढताच त्यानं गडग्याचा दगड असा धरला की मला बोटं सोडवावी लागली असती. थोरल्या मानकऱ्यानंच पळण मोडली असं दिसलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, त्यापेक्षा फुरसं परवडलं, असं त्याचं म्हणणं. मला राग आला. पाय सुजून भोपळा झालाय आणि यांना मानाचं पडलंय. पण भांडायला वेळ नव्हता. म्हटलं, सड्यावरून नेते.

"सुई घेवन दुपारच्या आत परत हाडशीत?"

"आणते हो."

लहान मुलाला टोचायला नेताना म्हणतात तसं म्हटलं मी ते. एवढ्यावर तो उठला.

डबा मात्र तो सोडेना. तो घरी पोचवायचाच म्हणे. कुणाला, विचारलं, तर जरा थांबून म्हणाला, "माजराक. पेज आसा." मांजर एक दिवस उपाशी राहून मरत नाही असं सांगून मी डबा हँडलला अडकवला. त्याला मागं बसवलं, तर हा बाईमाणसाला हात लागू नये म्हणून कॅरियर धरून ताठ बसला. शेवटी सामानाची दोरी काढली आणि दोघांना मिळून बांधून टाकलं. "माका लाज दिसता, बाये," तो म्हणाला. मी किक मारली.

चढ चढताना तो सारखा मागं वळून बघत होता. गाडीचा तोल जायचा. मी ओरडले, तेव्हा थांबला. टहाळा ओलांडून सड्यावर आलो. सकाळी जी वाट इतकी देखणी वाटली होती तिच्यावरचा एकेक खड्डा आता मला शिव्या द्यायला लावत होता. पाठीवर त्याचं डोकं टेकलं. मग माझ्या खांद्यावरून काहीतरी ओलं ओघळलं. त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

"डोळ्यांफुडे काळोख येता," तो म्हणाला. "बाये, दुपारच्या आत होवचा नाय हा."

"बोलू नका."

"माजार नाय ता. बायल आसा माझी."

मी गाडी थांबवली. दोरीनं बांधलेली असल्यामुळं मला वळून त्याचं तोंडही बघता येईना. समोरच्या कातळाकडं बघत ऐकलं. बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, अर्धं अंग गेलेलं. 'माका खंय भायर काढू नको,' एवढंच तिनं मागितलं होतं. यानं गावाला सांगितलं की तिला कुडाळला लेकीकडं पोचवलं, आणि तिला घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावलं. रोज सकाळी लाकडं तोडायच्या निमित्तानं सड्यावरून वळसा घालून आत शिरायचा, तिला पेज भरवायचा आणि परत जायचा. किल्ली त्याच्या करगोट्याला होती.

"अहो मग गावाला सांगायचं नाही? आजारी माणसाला कोण काय म्हणणार होतं?"

त्याचं कपाळ माझ्या पाठीवर आणखी जड झालं. मला वाटलं शुद्ध गेली.

"मागच्या पळणीक धाकूची आवस अशीच खाटेर होती," तो म्हणाला. धाकू म्हणजे त्याचा पुतण्या, दुसरा मानकरी; आवस म्हणजे आई. "तो माझ्या पायां पडलो. आवशीक घरात ऱ्हवांदे म्हणालो. मी म्हटलंय, देवाचो नेम तो नेम. खाटीसकट भायर काढलंय तिका. थंडीत खोपीत पडान ऱ्हवली. तिसऱ्या दिसा गेली. आता खंयच्या तोंडान सांगू?"

वारा गवतातून जात होता. मागं तो गाव, पुढं दवाखाना. त्याच्या बायकोला मागं फिरून पेज द्यावी तर हा जातो. मी गाडी पुढंच काढली. म्हटलं, काकू पेजेवाचून एक दुपार काढतील, तुम्ही औषधावाचून काढणार नाही. त्यावर त्यानं माझ्याकडून वचन घेतलं. मी एकटीनं परत जायचं, तिला पेज भरवायची, कुणाला सांगायचं नाही. "धाकूक तर नायच नाय." मी बरं म्हटलं. काहीही म्हटलं असतं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं त्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर ठेवलं, थोड्या वेळानं ती नळी तिरकी करून पाहिली. रक्त पाण्यासारखं हललं. मग सगळी धावपळ सुरू झाली. सलाइनमधून औषध चढू लागलं. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाला, पण चार-पाच दिवस जागचं हलायचं नाही. लवूआबांनी ते ऐकलं आणि करगोट्याची गाठ सोडायला लागले. बोटं चालेनात. नर्सनं कात्री आणली. पुरुषाचा करगोटा तोडतात तो मेल्यावर. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि कात्रीचा आवाज होईपर्यंत तसेच राहिले.

किल्ली घेऊन निघाले तेव्हा दुपार कलली होती. टहाळ्यापाशी इंजिन बंद केलं आणि गाडी न्यूट्रलला टाकून उतारावरून तशीच बिनआवाज खाली सोडली. चाकांखाली वाळली पानं चुरडत होती, तेवढाही आवाज नको वाटत होता. इतका रिकामा गाव मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि त्यात एक जीव आहे हे कळल्यापासून तो जास्तच रिकामा वाटायला लागला होता.

कुलूप काढलं. आत अंधार. काकू खाटेवर नव्हत्या. खाटेखाली जमिनीवर पडलेल्या होत्या, डावा हात अंगाखाली वळलेला. नवरा आला नाही म्हणून दाराकडं सरकायला गेल्या असाव्यात. डोळे उघडे होते. माझ्याकडं बघून त्या घाबरल्याही नाहीत. मी तांब्यातलं पाणी चमच्यानं ओठांना लावलं. दोन-चार चमचे गेल्यावर त्यांच्या तोंडाची एक बाजू हलली.

"खंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, दवाखान्यात आहेत, बरे होणार आहेत. त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. हात तापानं चटका बसेल इतका गरम होता. मी त्यांना उचलून खाटेवर ठेवलं, पेज भरवली, पण डावा हात बघितला आणि समजलं, हाड मोडलंय. मोटारसायकलवर घालून नेण्यासारख्या त्या नव्हत्या. मी रात्रभर बसले असते, उद्याही बसले असते, पण चार-पाच दिवस नाही, आणि त्यांचा ताप माझ्या बसण्यानं उतरणार नव्हता. दाराशी उभी राहून मी वचनाचा विचार केला. ते वचन फुरशाचं विष चढलेल्या माणसाला दिलेलं होतं. या बाईनं माझ्याकडं काहीच मागितलं नव्हतं. मी कुलूप लावलं, गाडीला किक मारली आणि भर गावातून, पूर्ण आवाज करत, पिंपळाच्या वाटेला लागले.

वेस म्हणजे शेंदूर फासलेला एक अर्धा पुरलेला दगड. त्याच्या पलीकडं झावळ्यांच्या खोपींची रांग, चुलींचा धूर, दावणीला गुरं. आणि सगळा गाव उभा. गाडीचा आवाज त्यांनी लांबून ऐकलेला होता. कोणी दगडाच्या अलीकडं पाऊल टाकत नव्हतं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. तो झाला नाही, आणि त्याचीच भीती वाटली. लोक फक्त बघत होते. एक म्हातारी बाजूला थुंकली.

चाळिशीचा एक काटक माणूस दगडापर्यंत आला आणि थांबला. मागून कुणीतरी 'धाकू' म्हणून हाक मारली म्हणून मला कळलं. कोणालाही सांगावं, पण याला नाही, आणि विचारायला पुढं आला तोच.

"खंयसून इलंस? टहाळो दिसाक नाय?"

मी गाडी बंद केली, दगडापाशी गेले. आमच्यात हातभर अंतर असेल. आवाज अगदी खाली आणून सगळं सांगितलं. फुरसं, दवाखाना, कुडाळची थाप, खाटेखाली पडलेल्या काकू. मग मूठ उघडून किल्ली दाखवली. तुटलेला करगोटा तिला अजून होता.

धाकूनं तो ओळखला. त्यानं एकदा मागं, खोपींच्या टोकाकडं पाहिलं. तिथं एक मोकळी जागा होती, तीन वर्षांपूर्वी कुणाची खोप तिथं असेल ते मला विचारायला लागलं नाही. म्हटलं, संपलं. आता हा किल्ली घेणार आणि सगळ्यांसमोर काकाची अब्रू पिंपळावर टांगणार. आणि त्याचं काही चुकणारही नव्हतं.

त्यानं माझ्या हातातली किल्ली घेतली, मुठीत मिटली आणि गावाकडं तोंड केलं.

"पळण मोडली!" तो ओरडला. "ह्या घाटावरच्या बायेन मोडली. टहाळो उडवन गावात फिरान इली ही."

माझं तोंड उघडलं. एका माणसाचा जीव वाचवून आले, दुसरीचा वाचवायला धडपडतेय, आणि हे माझ्यावर? मी बोलणार, तोच त्यानं माझ्याकडं न बघता हळूच म्हटलं, "गप ऱ्हव."

गर्दीतून थोरले मानकरी कुठं आहेत असं विचारणं झालं. धाकूनं सांगितलं, सड्यावर लाकडं तोडताना त्यांना फुरसं चावलं, ते हिला वाटेत सापडले, तेवढं एक पुण्य हिच्या पदरात आहे. सड्यावर. म्हणजे वेशीबाहेर. मग म्हणाला, बाहेरचं माणूस आत शिरलं, पळण बाटली, आता उद्यापर्यंत थांबण्यात अर्थ नाही, देवाला आजच विचारायला पाहिजे. थोरला नसेल तर धाकट्यानं कौल लावावा असा नेमच आहे. म्हातारे एकमेकांकडं बघत राहिले. कुणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. धाकू दगड ओलांडून एकटा चालत गेला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गाव आजच आत गेला तर काकूंना काढता येणार होतं, आणि आबांचं नाव कुठंच येत नव्हतं. मी तोंड मिटलं आणि गाडीपाशी उभी राहिले. बायका मला सोडून सगळीकडं बघत होत्या. बापे माझ्या पँटीबद्दल बोलत होते. मी आयुष्यात इतकी शहाण्यासारखी गप्प कधीच राहिले नव्हते.

फार वेळ गेला. ऊन पिंपळाच्या शेंड्यावर गेलं. डावी पडली असेल, असं कुणीतरी म्हणालं. माझ्या डोळ्यांसमोर ती खाट होती. आणखी थोडा वेळ गेला, आणि देवळाकडून ढोल वाजला.

त्यानंतर जे झालं त्याला पळणच म्हणायला हवं. माणसं, गुरं, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, सगळे दगड ओलांडून धावत सुटले. कुत्री परत आली आणि आल्याआल्या माझ्यावर भुंकली. त्या गडबडीत मागच्या पाणंदीनं एक खाट दवाखान्याकडं निघालेल्या जीपपर्यंत गेली. धाकूची बायको तिच्याशेजारी चालत होती, पांघरुणाचं टोक सावरत. ते कुणी पाहिलं नाही, किंवा ज्यांनी पाहिलं त्यांनी विचारलं नाही.

काकू त्यातून उठल्या, म्हणजे पुन्हा आपल्या खाटेपर्यंत पोचल्या. पुढं त्या गेल्या त्याही घरात, त्याच खाटेवर, लवूआबा उशाशी असताना. आबा मला दर दिवाळीला आमसुलं धाडत. पुढच्या पळणीआधी त्यांनी देवळात सगळ्यांसमोर सांगितलं म्हणे की यापुढं मान धाकूचा, मी आता ढोलही नाही उचलणार. का ते सांगितलं नाही.

मी मात्र पेंडवळ्यात अजून पळण मोडणारी बाई आहे. गेल्या वर्षी गेले, आता बसनं, तेव्हा एका सुनेनं मला पाणी देताना माझं तेच नाव सांगून सासूला हाक मारली. धाकू आता म्हातारा झालाय. ओटीवर आम्ही दोघंच होतो. इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते विचारलं. त्या दिवशी पाकळी खरंच उजवी पडली होती का?

तो बराच वेळ सुपारी कातरत राहिला.

"उजवी नाय, डावी नाय," तो म्हणाला. "पडाकच नाय. देव काय बोलाकच नाय, बाये."

"मग?"

"मगे मी आवशीक इचारलंय," धाकू म्हणाला, आणि कातरलेली सुपारी माझ्या हातावर ठेवली.